मुलांच्या चष्म्याचा वाढता नंबर आणि नवे भिंग

वर्गात मागच्या बाकावर बसलेला मुलगा फळ्यावरचे चुकीचे उतरवून घेतो, डोळे बारीक करून पाहतो, पुस्तक नाकाशी धरतो. "याचे अभ्यासात लक्ष नाही" असा शिक्का त्याच्यावर बसतो. वास्तविक त्याला लांबचे दिसतच नसते. या दोषास निकटदृष्टिता म्हणतात. बोलताना आपण त्याला 'मायनस नंबर' म्हणतो.

हा दोष का होतो? समोरील वस्तूची प्रतिमा डोळ्याच्या आतील दृष्टिपटलावर पडली म्हणजे स्पष्ट दिसते. निकटदृष्टितेत बहुधा नेत्रगोल पुढून मागे प्रमाणाबाहेर लांब झालेला असतो. त्यामुळे प्रतिमा पटलाच्या अलीकडेच पडते. अंतर्वक्र भिंगाचा नेहमीचा चष्मा ती मागे नेऊन पटलावर आणतो. मुलाला दिसू लागते, परंतु नेत्रगोलाचे लांबणे थांबत नाही. म्हणूनच वाढत्या वयात नंबर वाढत जातो. नंबर फार वाढला की ताणलेले दृष्टिपटल सुटण्याचा व काचबिंदूचा धोका वाढतो. तेव्हा प्रश्न केवळ जाड काचांचा नाही, पुढील आयुष्यातील दृष्टीचा आहे.

कोंबडीची पिल्ले व माकडे यांवरील प्रयोगांतून शास्त्रज्ञांना एक महत्त्वाची गोष्ट कळली. प्रतिमा पटलाच्या मागे पडली तर वाढता डोळा अधिक लांबतो. पटलाच्या पुढे पडली तर त्याची वाढ मंदावते. याच तत्त्वावर हाँगकाँग पॉलिटेक्निक विद्यापीठातील संशोधकांनी 'डिम्स' नावाचे भिंग तयार केले. त्याच्या मध्यभागी मुलाचा नेहमीचा नंबर असतो. त्याभोवती सुमारे ४०० सूक्ष्म भिंगे बसविलेली असतात. मधल्या भागातून स्वच्छ दिसते आणि भोवतालची भिंगे काही प्रकाश पटलाच्या पुढे एकत्र आणतात. डोळ्याला जणू 'आता पुरे' अशी सूचना मिळते.

हाँगकाँगमध्ये ८ ते १३ वर्षांच्या मुलांवर याची दोन वर्षे चाचणी झाली. १६० मुलांनी ती पूर्ण केली. साध्या चष्म्याच्या मुलांचा नंबर सरासरी ०.८५ ने वाढला, तर नव्या चष्म्याच्या मुलांचा ०.४१ ने. म्हणजे वाढ जवळजवळ निम्मी झाली. नेत्रगोलाचे लांबणेही साध्या चष्म्यात ०.५५ मिलिमीटर, तर नव्या चष्म्यात ०.२१ मिलिमीटर इतकेच झाले.

असे चष्मे आता भारतातही मिळतात. तथापि पालकांनी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात :

१) हा चष्मा आलेला नंबर घालवीत नाही, केवळ वाढीचा वेग कमी करतो.

२) तो दिवसभर वापरावा लागतो. केवळ अभ्यासापुरता लावून उपयोग नाही.

३) कोणत्या मुलाला तो योग्य, हे नेत्रतज्ज्ञच तपासून ठरवतील. दर सहा महिन्यांनी तपासणी करावी.

४) त्याची किंमत साध्या चष्म्यापेक्षा बरीच जास्त असते. ज्यांना ती परवडत नाही त्यांनी निराश होऊ नये. योग्य नंबरचा साधा चष्मा मुलाला लगेच द्यावा. मुद्दाम कमी नंबरचा चष्मा दिल्याने नंबर थांबतो, हा समज चुकीचा आहे.

एक उपाय तर बिनपैशाचा आहे. चीनमधील ग्वांगझो शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे जादा मोकळ्या हवेत नेण्यात आले. तीन वर्षांत त्यांच्यापैकी ३०.४ टक्के मुलांना निकटदृष्टिता आली. इतर मुलांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. म्हणून मुलांना रोज दिवसाउजेडी मैदानावर खेळू द्यावे आणि मोबाईल डोळ्यांजवळ धरून तासन्‌तास पाहू देऊ नये.

शेवटी एक विनंती. "मुलीला चष्मा लागला तर लग्न कसे जमेल?" या भीतीने पुष्कळ पालक तपासणी टाळतात. पण ज्या मुलीला फळाच दिसत नाही, तिचे शिक्षण तिथेच अडते. चष्म्यात लाज नाही. आपल्या घरातील व शेजारच्या प्रत्येक मुलाचे डोळे या वर्षी एकदा तरी तपासून घ्यावेत.