कोचचा शब्द कागदावर घ्या

"तुम्ही नीट चौकशी केली नसेल," असं आता जो तो ऐकवतो. केली होती. लेकाला मेकॅनिकल इंजिनीअरिंग करायचं होतं आणि बेसबॉलमधलं पिचिंगही सोडायचं नव्हतं. म्हणून न्यू जर्सीहून इतक्या लांब कॉलेज बघायला गेलो, तेव्हा मी कोचला तोंडावर विचारलं, "दुपारच्या लॅबचं काय?" "आमच्याकडे अभ्यास आधी," तो म्हणाला. असिस्टंट शेजारी मान डोलावत होता.

पहिल्याच सेमिस्टरला त्याच असिस्टंटने लेकाला सुचवलं, "मेजर बदल. बिझनेस घे, आमची बरीच मुलं तेच घेतात." लेक बधला नाही. मग खेळायला मिळणं आटलं आणि सीझन संपल्यावर कोचने बोलावून घेतलं. लॅपटॉपवरची नजरही न उचलता म्हणाला, "ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे दुसऱ्या कॉलेजांतून, मोठे पिचर आलेत. संघात जागा ३४. तू पण पोर्टलमध्ये नाव टाक." दोन वर्षं हाच माणूस फोनवर "वी आर फॅमिली" म्हणत होता!

त्या रात्री मी जुन्या सगळ्या ईमेल काढल्या. लॅबबद्दल, संघातल्या जागेबद्दल एक ओळ नाही. महत्त्वाचं ते सगळं फोनवर; लेखी काय, तर कॅम्पची आमंत्रणं आणि फी भरायची लिंक. हे विसरभोळेपणाने होत नाही.

आता ज्यांची मुलं अकरावीत आहेत त्यांच्यासाठी. कॅम्पचं आमंत्रण म्हणजे निवड नव्हे, ते ढिगाने जातं. तोंडी कमिटमेंट कोणालाच बांधत नाही. कॉलेजच्या साइटवर गेल्या तीन-चार वर्षांचे रोस्टर शेजारी शेजारी ठेवून वाचा: पहिल्या वर्षाची किती मुलं तिसऱ्या वर्षी टिकली, बाहेरून किती आली, इंजिनीअरिंगची किती. एकही नसेल, तर उत्तर मिळालं. त्या मेजरच्या खेळाडूशी कोचच्या माघारी बोला. कोचशी फोन झाला की, "आपलं असं ठरलं," म्हणून त्याच दिवशी ईमेल टाका. उत्तर आलं नाही, तर तेही उत्तरच.

आता वेळेचं गणित. कॉलेज बेसबॉलच्या सर्वांत वरच्या स्तराचा, म्हणजे डिव्हिजन वनचा, सीझन फेब्रुवारीच्या मध्यापासून, ५६ सामन्यांपर्यंत. आठवड्याला २० तासांची मर्यादा असते, पण सामन्याचा अख्खा दिवस तीनच तास धरतात आणि प्रवास धरतच नाहीत. शुक्रवारची लॅब बुडते ती अशी.

डिव्हिजन थ्री म्हटलं की आपली मंडळी नाकं मुरडतात. तिथे खेळासाठी स्कॉलरशिप नसते, हे खरं. पण एमआयटी, जॉन्स हॉपकिन्स, एमरी तिथेच खेळतात, आणि मार्कांवर किंवा घरच्या ऐपतीनुसार मदत मिळू शकते. डिव्हिजन वनमध्येही बेसबॉलच्या संघामागे ११.७ स्कॉलरशिप वर्षानुवर्षं २७ जणांपर्यंत वाटल्या जायच्या. फुकट शिक्षण फारच थोड्यांना. तेव्हा प्रत्येक कॉलेजचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर आधी भरून बघा.

बाकी नेहमीचंच: मार्क सांभाळा, मुलाचं ऐका, घाई करू नका.

लेक त्याच कॉलेजात राहिला, कारण मेकॅनिकलचा विभाग खरंच चांगला आहे. बेसबॉल बंद. उद्या खांदा गेला तरी जिथे चार वर्षं काढाल, तेच कॉलेज घ्या. आणि कोच "फॅमिली" म्हणाला, की उठा आणि इंजिनीअरिंगच्या ऑफिसात जाऊन लॅबचं वेळापत्रक मागा.