फाइलचा पूर्ण पाथ देताना कर्नल अडवतो का?

प्रश्न : कोण कोणती फाइल उघडते हे टिपणारा ईबीपीएफ प्रोग्राम मी लिहिला. पूर्ण पाथसाठी ‘बीपीएफ_डी_पाथ’ वापरले की व्हेरिफायर प्रोग्राम नाकारतो. असे का?

उत्तर : ही अडवणूक तुमच्या सर्व्हरच्या भल्याचीच आहे. कर्नलमध्ये पूर्ण पाथ तयार लिहून ठेवलेला नसतो. प्रत्येक डेंट्रीत, म्हणजे फाइल वा फोल्डरच्या कर्नलमधील नोंदीत, पाथपैकी स्वतःचे नाव आणि पालकाचा दुवा एवढेच असते. ‘बीपीएफ_डी_पाथ’मागचे कर्नलचे डी_पाथ हे फंक्शन मुळापर्यंत चढत, माउंट ओलांडत नावे जोडते. मध्येच कोणी फोल्डरचे नाव बदलले तर उत्तर चुकू नये म्हणून त्याला कधी लॉक घ्यावे लागते. तुमचा प्रोग्राम ते लॉक आधीच धरलेल्या फंक्शनमध्ये चालत असेल, तर यंत्र तिथेच अडकेल. शिवाय फाइल मोडीत निघत असताना हाती आलेला पॉइंटर भरवशाचा नसतो.

म्हणूनच 2020 मध्ये लिनक्स 5.10 सोबत ‘बीपीएफ_डी_पाथ’ची सोय आली ती मोजक्या फंक्शनांपुरती. त्यांत सिक्युरिटी_फाइल_ओपन आहे. केप्रोब वापरत असाल तर तो सोडा, तिथे एफएंट्री जोडा. तुमचे काम होईल. एलएसएम प्रोग्राम लिहीत असाल तर 6.12 पासून ‘बीपीएफ_पाथ_डी_पाथ’ आहे. ते फक्त खात्रीचा पॉइंटर स्वीकारते, आणि माझ्या मते तेच अधिक चांगले.

डेंट्रीची साखळी स्वतः वाचत जाण्याचा मोह मात्र टाळा. कर्नल कोसळणार नाही, पण नाव बदलताना चुकीचा पाथ हाती येईल, आणि सुरक्षेच्या नोंदीत तो फार महागात पडतो. कंटेनरमधल्या प्रक्रियेचा पाथ तिच्या स्वतःच्या रूटपासून मिळतो, म्हणून कंटेनर ओळखता यावा यासाठी सोबत सीग्रुप आयडीही नोंदवा.