तीन कासवे, एक टाके
(परिसर अभ्यास)

बालमित्रांनो, कासव कोणाला माहीत नाही? देवळात गाभाऱ्यासमोर दगडाचे कासव असते. ससा-कासवाची गोष्ट तर आपण पहिलीतच ऐकतो. मृगाचा पाऊस पडला की बांधीच्या धुऱ्यावर खरेखुरे कासवही चालताना दिसते. तरी पण "कासव कोठे राहते?" असे विचारले, की आपण चटकन सांगतो, "पाण्यात! आणखी कोठे?" दुसरा एखादा म्हणतो, "कासवाले घर कशाले पाहिजे? त्याचं घर त्याच्या पाठीवरच हाय."

ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. पाठीवरचे कवच म्हणजे कासवाचे घर नव्हे. ते त्याचे हाडच आहे. त्याच्या फासळ्या आणि पाठीचा कणा त्या कवचाला जोडलेला असतो. कवचाला भोक पाडले किंवा ते ठेचले, तर आपले हाड मोडल्यासारखेच त्याला दुखते. कासवाचे खरे घर म्हणजे त्याची जागा : त्याचे पाणी किंवा माती, त्याचे ऊन आणि त्याचे अन्न. हे घर प्रत्येक जातीचे वेगळे असते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका घरी अंगणात सिमेंटचे टाके आहे आणि त्यात तीन कासवे ठेवली आहेत. पहिले रोवणीच्या वेळी बांधीत सापडलेले. दुसरे शहरातल्या मामांनी दुकानातून आणलेले, बिस्किटाएवढे, हिरवेगार. तिसरे कोणीतरी "घरात ठेवा, लक्ष्मी येते" असे सांगून दिलेले, पाठीवर चांदण्या असलेले. घरच्यांना वाटते, तिघे एकमेकांना सोबत होतील. खरोखर तसे होईल का? एकेकाची ओळख करून घेऊ.

पहिले : बांधीतले कासव

हे आपल्या बोडीत, तळ्यात आणि धानाच्या बांधीत राहते. पाठ गुळगुळीत व कातडीने झाकलेली असते. पोटाकडून पाहिले तर मागच्या पायांजवळ कातडीच्या दोन झडपा दिसतात. पाय आत घेतले की झडपा बंद होतात. गोगलगाई, किडे, बेडूक, लहान मासे, मेलेले प्राणी आणि पाणवनस्पती हे त्याचे अन्न. म्हणजे तळ्याची साफसफाई करणारा हा एक कामकरीच आहे.

उन्हाळ्यात बोडी आटली की हे कासव ओल्या चिखलात स्वतःला गाडून घेते व पावसाची वाट पाहत पडून राहते. पाऊस आला की बाहेर निघून चालू लागते. नेमके तेव्हाच ते आपल्याला दिसते आणि आपण म्हणतो, "बिचारे वाट चुकले!" मुलांनो, ते वाट चुकलेले नसते. ते पाण्याकडे किंवा अंडी घालायच्या जागेकडे निघालेले असते. त्याला उचलून घरी आणले, की त्याची वाट आपणच चुकवतो.

दुसरे : दुकानातले हिरवे कासव

याच्या डोळ्यामागे लाल पट्टा असतो. म्हणून त्याला लाल कानाचे कासव म्हणतात. हे मूळचे अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. दुकानात बिस्किटाएवढे दिसते, पण वाढून जेवणाच्या थाळीएवढे होते. नीट सांभाळले तर वीस-तीस वर्षे जगते. म्हणजे तुम्ही चौथीत असताना आणलेले कासव तुमची मुले चौथीत जातील तेव्हाही असू शकते! त्याला खोल स्वच्छ पाणी लागते, आणि पाण्याबाहेर येऊन अंग शेकायला उन्हातला कोरडा दगडही लागतो. नुसत्या काचेच्या भांड्यात त्याचे कवच मऊ पडते व डोळे सुजतात.

ते मोठे झाले, पाणी घाण होऊ लागले, की घरचे लोक कंटाळतात. मग कोणी म्हणतो, "देवाचा जीव हाय, सोडून दे ना बोडीत." इथेच मोठी चूक होते. हे कासव आपल्या तळ्यात गेले तर आपल्या कासवांचे अन्न खाते, त्यांच्या ऊन खाण्याच्या जागा बळकावते आणि बाहेरचे रोगही आणते. परक्या मुलखात जाऊन फार नुकसान करणाऱ्या १०० प्राणी-वनस्पतींच्या जागतिक यादीत याचे नाव आहे. युरोपातील देशांनी १९९७ साली याची आयात बंद केली. म्हणून हे कासव बोडीत, नदीत किंवा विहिरीत कधीही सोडू नये.

तिसरे : चांदणी कासव

याला स्टार कासव असेही म्हणतात. पाठ घुमटासारखी उंच, काळसर, व तिच्यावर पिवळ्या रेषांच्या चांदण्या. पाय हत्तीच्या पायासारखे खांबी. हे पाण्यातले कासवच नव्हे! ते कोरड्या झुडपी रानात राहते व गवत, पाला, फुले, गळलेली फळे खाते. गुजरात-राजस्थानकडे, तसेच आंध्र, कर्नाटक, तमिळनाडू व श्रीलंकेत ते नैसर्गिकपणे आढळते. त्याला पोहता येत नाही. खोल टाक्यात पडले तर बुडून मरते. ओलसर, थंड जागी ठेवले तर त्याच्या छातीत कफ होतो, नाक वाहते, तोंड उघडे टाकून श्वास घेते. भात, पोळी, दूध घातले तर कवच वेडेवाकडे वाढते.

लक्ष्मी येते या समजुतीपायी आणि सुंदर दिसते म्हणून या कासवाची चोरटी विक्री होते. ते परदेशांतही पाठवले जाते. तो व्यापार थांबावा म्हणून २०१९ साली जगातील देशांनी मिळून त्याच्या विक्रीवर सर्वांत कडक बंदी घातली.

तिघांना एकत्र का ठेवू नये?

१. जागा जुळत नाही. दोघांना पाणी हवे, तिसऱ्याला कोरडी जमीन. पाणी भरले तर एक बुडेल, काढले तर दोघे सुकतील.

२. अन्न जुळत नाही. एक पाला खाणारे, दोन सर्वभक्षी. एकाचे पथ्य ते दुसऱ्याचे अपथ्य.

३. रोग पसरतात. एका जातीच्या अंगात जंतू असूनही ती धडधाकट दिसते. तोच जंतू दुसऱ्या जातीला आजारी पाडतो. म्हणून नवे आलेले कासव, अगदी त्याच जातीचे असले तरी, आधी वेगळे ठेवतात.

४. मोठे कासव लहानाला चावते. शेपटी व पाय तोडल्याचीही उदाहरणे आहेत. रानात लहान कासव दूर निघून जाते. टाक्यात ते जाणार कोठे?

५. कासव ओरडत नाही. गाय हंबरते, कुत्रे भुंकते, तेव्हा आपल्याला कळते. कासव दुखले तरी गप्प राहते, खाणे सोडते आणि पडून राहते. आपण म्हणतो, "शांत हाय बिचारं!"

मग कासवाला त्याचे घर परत कसे द्यायचे?

आपल्या देशात १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. बांधीतले झडपांचे कासव या कायद्याच्या पहिल्या यादीत आहे. २०२२ सालच्या दुरुस्तीने चांदणी कासवही पहिल्या यादीत आले. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. ही कासवे पकडणे, पाळणे, विकणे किंवा मारून खाणे हा गुन्हा आहे.

म्हणून घरात असे कासव असेल तर स्वतःच्या मनाने रानात नेऊन सोडू नये आणि लपवूनही ठेवू नये. गावच्या वनरक्षकांना सांगावे, किंवा वनविभागाच्या १९२६ या फुकट क्रमांकावर फोन करावा. चंद्रपूरला वन्यप्राण्यांसाठी उपचार केंद्र आहे. तेथे डॉक्टर तपासतात.

घरात राहिलेले कासव लगेच जंगलात का सोडत नाहीत? ते आजारी असले तर रानातल्या निरोगी कासवांना रोग देईल. शिवाय ते मूळचे कोठले, हेही पाहावे लागते. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये चोरट्या मार्गाने सिंगापूरला गेलेली ५१ चांदणी कासवे विमानाने बंगळूरला परत आणली. जे कासव चोरायला घटकाभर पुरते, त्याला घरी पोचवायला दोन देशांची माणसे लागली!

नेताना काय करावे?

• प्रत्येक कासव वेगळ्या टोपलीत किंवा भोके पाडलेल्या खोक्यात ठेवावे.
• पाण्याच्या कासवाखाली ओले फडके, चांदणी कासवाखाली कोरडे गवत घालावे. पाण्याने भरलेली बादली नको, पोत्यात बांधणे नको.
• सावलीत न्यावे. वाटेत काही खाऊ घालू नये.
• कासव कोठे, कधी सापडले ते लिहून द्यावे. ते निरोगी असेल तर त्याच बोडीजवळ सोडता येते.
• कासवाला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. त्याच्या अंगावर सालमोनेला नावाचे जंतू असतात. त्यांनी ताप येतो व जुलाब होतात. लहान मुले फार आजारी पडू लागली, म्हणून अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली.

दुकानातले लाल कानाचे कासव घरी असेलच, तर ते एकटे, ऊन व कोरडा दगड असलेल्या मोठ्या टाक्यात नीट सांभाळावे. सांभाळणे होत नसेल तर वनविभागाला विचारावे. आणि दुसरे विकत आणू नये.

पालकांना विनंती

आई-बाबांनो, विहिरीचे पाणी स्वच्छ राहते म्हणून तिच्यात कासव सोडण्याची चाल आहे. बांधीव विहिरीतून त्याला वर येता येत नाही. ऊन नाही, अंडी घालायला माती नाही. ते जन्मभर तिथेच फिरत राहते. जाळ्यात अडकलेले कासवही लवकर सोडवावे. ते फुप्फुसाने श्वास घेते, म्हणून पाण्याखाली अडकले की गुदमरते. मुलाने हौसेने कासव आणले तर त्याला रागावू नका. त्याचा हात धरून, जिथून उचलले तिथे त्याच दिवशी दोघांनी मिळून सोडून या. मुलगा ते कधी विसरणार नाही.

कासवांची जात पृथ्वीवर २० कोटी वर्षांहून जुनी आहे. माणूस नव्हता तेव्हाही ती होती. आपल्या बोड्या, बांध्या आणि रान नीट राहिले, तर त्यांना आपल्या टाक्याची गरज नाही.

स्वाध्याय

१. कवच हे कासवाचे घर का नाही?
२. पावसात रस्ता ओलांडणारे कासव दिसले तर काय कराल? (उत्तर : गाड्या पाहून, ते ज्या दिशेने चालले आहे त्याच बाजूला रस्त्याच्या कडेला ठेवू.)
३. आपल्या गावच्या बोडीत पूर्वी किती कासवे दिसत व आता किती दिसतात, ते आजोबांना किंवा गावातील ढीवर काकांना विचारून वहीत लिहा.