रस्त्यावरची बाचाबाची आणि गाडीतली बंदूक



गळीत हंगाम सुरू झाला की कळमनुरी, आखाडा बाळापूर, वारंगा फाटा या रस्त्यावर दोन तऱ्हेची वाहने एकत्र येतात. एक आपली, दोन ट्रॉल्या उसाने भरून रखडत चाललेली. दुसरी अकोल्याहून नांदेडकडे किंवा तिकडून इकडे निघालेली, लांब पल्ल्याची आणि घाईतली. राष्ट्रीय महामार्ग १६१ दोघांचाही आहे. पुढच्याला वेग नाही आणि मागच्याला दम नाही, त्यामुळे कट मारणे, गाडी आडवी लावणे, आयमाय काढणे, कॉलर धरणे हे प्रकार घडतात. बहुतेक भांडणे पाच मिनिटांत विझतात. पण त्या पाच मिनिटांत कोणाच्या हाताशी बंदूक किंवा कोयता असला तर काय होते, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

आपल्या भागात काही शेतकऱ्यांकडे परवान्याची बंदूक असते. कोणी पिकाच्या राखणीसाठी घेतलेली, कोणी आखाड्यावर एकटे राहावे लागते म्हणून. आता ही बंदूक आखाड्यावर असावी की जीपमध्ये, हा पहिला प्रश्न. पीक संरक्षणाचा परवाना पिकासाठी आहे. त्या बंदुकीला हिंगोलीच्या बाजारात किंवा कारखान्याच्या वजनकाट्यावर काही काम नाही. परवान्यावर क्षेत्र आणि अटी लिहिलेल्या असतात, त्या वाचून घ्याव्यात. वाचता येत नसेल तर शाळेतल्या मुलाकडून वाचून घ्याव्यात, त्यात कमीपणा नाही. अट मोडली तर शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३० खाली गुन्हा होतो आणि कलम १७ प्रमाणे परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो.

स्वसंरक्षणाच्या परवान्यावर शस्त्र सोबत नेता येत असले, तरी २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी ते झाकलेले आणि आपल्या ताब्यात असले पाहिजे. चारचौघांत उगारून दाखवायला मनाई आहे. गाडीत न्यायचेच असेल तर रिकामे करून, खोळीत घालून, काडतुसे वेगळी ठेवून न्यावे आणि परवान्याचे पुस्तक जवळ ठेवावे. चहाला उतरताना बंदूक सीटखाली आणि ड्रायव्हर गाडीत, असे कदापि करू नये. परवाना मालकाच्या नावाचा आहे, ड्रायव्हरच्या नाही. विनापरवाना बंदूक बाळगल्याबद्दल २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षे शिक्षा आहे. बिचारा ड्रायव्हर पगारापायी आत जायचा, आणि त्याच्या हाती शस्त्र दिले म्हणून मालकही सुटत नाही.

कोयत्याचे वेगळे आहे. ऊसतोडीचा कोयता हे शेतीचे अवजार आहे, ते बाळगायला परवाना लागत नाही. ट्रॅक्टरमधली टॉमी आणि पाना तर सगळ्यांकडेच असतात. म्हणून पुष्कळांना वाटते, आपल्याकडे कुठे हत्यार आहे? पण अवजार माणसावर उगारले की त्याचे हत्यार झाले. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. तिच्या कलम ११८ मध्ये घातक हत्याराने दुखापत केल्यास तीन वर्षांपर्यंत, आणि जबर दुखापत केल्यास किमान एक वर्षापासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगितली आहे. नुसते उगारून "जिता सोडत नाही" म्हटले तरी कलम ३५१ प्रमाणे जिवे मारण्याच्या धमकीला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. "मी काही मारलं नाही, नुसतं दाखवलं" हे पुष्कळजण मोठ्या भोळेपणाने फौजदारासमोर सांगतात. दाखवले, एवढे कबूल केले की फौजदाराचे अर्धे काम झालेच.

हात मोकळे असले म्हणजे सुटलो, असेही नाही. पंजाबात पतियाळा येथे २७ डिसेंबर १९८८ रोजी रस्त्यावर गाडीवरून वाद झाला. एका बाजूला क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू आणि त्यांचा साथीदार, दुसऱ्या बाजूला ६५ वर्षांचे एक गृहस्थ. मारहाण झाली आणि ते गृहस्थ दगावले. खालच्या कोर्टाने १९९९ मध्ये निर्दोष सोडले, हायकोर्टाने २००६ मध्ये तीन वर्षे दिली, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये एक हजार रुपये दंडावर भागवले आणि फेरविचारात १९ मे २०२२ रोजी एक वर्ष सक्तमजुरी सुनावली. धडधाकट, कसलेल्या माणसाचा हात हेही एक शस्त्र ठरू शकते, असे न्यायालयाने त्यात म्हटले. एका भांडणाचा निकाल ३४ वर्षे चालला. एवढ्या काळात आपल्याकडे नातवाच्या नावावर शेअर चढतो.

आता कोणी विचारील, मग अंगावर आलेल्याचा मार खायचा काय? नाही. कायद्याने स्वसंरक्षणाचा हक्क दिलेला आहे. न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमे त्यासाठीच आहेत. मात्र या हक्काला बांध आहेत, आणि ते शेताच्या बांधासारखेच नीट ठाऊक असावेत.

पहिला बांध असा की जिवाला किंवा शरीराला खरोखरीचा धोका समोर दिसला पाहिजे. समोरच्याने शिवी दिली, हॉर्न वाजवला, गाडी आडवी लावली, एवढ्याने हा हक्क उपजत नाही. दुसरा, धोका जितका तितकाच प्रतिकार. थप्पड मारणाऱ्यावर छर्रे झाडता येत नाहीत. तिसरा, पोलिसांकडे जायला सवड असेल तर आधी तिकडे जावे. चौथा बांध पुष्कळांना माहीत नसतो, आणि खरा घात तिथेच होतो. धोका संपला की हक्कही संपला. समोरचा माघारी वळला, गाडीत बसला, पळू लागला, आणि आपण मागून धावून वार केला, तर ते स्वसंरक्षण राहत नाही. तो सूड झाला.

मालमत्तेबाबत तर कायदा आणखी कडक आहे. कोणी ट्रॅक्टरचा दिवा फोडला, टायरमधली हवा सोडली, पोरांनी चालत्या ट्रॉलीतून ऊस उपसला, म्हणून कोणाच्या जिवावर उठता येत नाही. जबरी चोरीसारखा प्रसंग असला, किंवा नुकसान करणाऱ्यापासून आपल्या जिवाला वा जबर दुखापतीला रास्त भीती असली, तर गोष्ट निराळी. पाच-दहा कांड्यांपायी पोरावर टॉमी फेकणाऱ्याला ही सवलत मिळायची नाही.

स्वसंरक्षण म्हणून कोर्टाने मान्य केलेले उदाहरणही सांगतो. ते रस्त्यावरचे नाही, शेतातले आहे, पण आपल्याला लगेच उमजेल असे आहे. पंजाबात १९९१ मध्ये जमिनीच्या वादातून एका बापावर गंडाशाचा वार झाला आणि मुलाने बंदूक झाडली, त्यात हल्ला करणारा मेला. पहिल्या कोर्टाने सोडले, हायकोर्टाने दोषी धरले, आणि शेवटी सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१० मध्ये दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालाने पुन्हा निर्दोष ठरवले. जीव धोक्यात असलेल्या माणसाने प्रतिकार तराजूत तोलून करावा अशी अपेक्षा नाही, असे न्यायालयाने मानले. तसेच हा हक्क बचावाचा आहे, चढाईचा नव्हे, हेही बजावले. ज्याची बाजू खरी ठरली त्याचीही १९ वर्षे गेली. वकिलाची फी, तारखा आणि पडीक राहिलेले रान यांचा हिशोब निकालपत्रात लिहिलेला नसतो.

म्हणून ज्याच्या गाडीत शस्त्र आहे त्याने भांडणात पहिल्यांदा पड खावी. हे भित्रेपण नव्हे. झोंबाझोंबी झाली तर बंदूक समोरच्याच्याही हाती जाऊ शकते. शिवाय बारा बोअरचे छर्रे पसरतात, आणि रस्त्यावर मागे दुसऱ्याचे लेकरू उभे असते.

प्रत्यक्षात काय करावे? जीप किंवा कार असेल तर काचा वर, दारे बंद आणि खाली उतरायचे नाही. पुढे वाट असेल तर निघून जावे. कोणी पाठलाग करीत असेल तर घराकडे किंवा आखाड्याकडे वळू नये, तिथे अंधार आणि बायकापोरे. कळमनुरी किंवा बाळापूरचे पोलीस ठाणे गाठावे. ते लांब असेल तर पेट्रोल पंप, धाबा, कारखान्याचे गेट, जिथे उजेड आणि माणसे आहेत तिथे थांबावे. चालत असताना सोबत्याने ११२ वर फोन करून गाडीचा नंबर, रंग आणि दिशा सांगावी.

ट्रॅक्टरवाल्याची अडचण वेगळी. त्याला ना दार ना काच, आणि भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन पळता येत नाही. त्याने रुंद जागा पाहून मागच्याला वाट द्यावी. टेपचा आवाज इतका मोठा ठेवतात की मागचा हॉर्न ऐकूच येत नाही, आणि निम्मी भांडणे तिथून सुरू होतात असे माझे मत आहे. ट्रॉलीला मागे लाल परावर्तक आणि दिवा नसणे हे दुसरे कारण. कोणी गाडी आडवी लावलीच तर ट्रॅक्टर बाजूला घेऊन बंद करावा आणि मागून येणाऱ्या आपल्या गाड्यांची वाट पाहावी. मात्र त्यांनी आल्या आल्या समोरच्याला घेराव घालू नये. बोलायला एकच जाणता माणूस पुढे व्हावा. "चुकलं भाऊ, जाऊ द्या, तुमचं काही नुकसान झालं असंल तर ठाण्यात बसून बोलू," एवढे म्हटल्याने कोणाची एकरी उतार कमी होत नाही. कोयते आणि टॉमी त्या वेळी जिथल्या तिथे असू द्यावेत.

अपघात झाला आणि लोक जमले, तर आणखी एक कलम ध्यानात ठेवावे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १३४ प्रमाणे जखमीला दवाखान्यात पोचविणे हे चालकाचे कर्तव्य आहे. पण जमाव खवळल्यामुळे ते शक्यच नसेल, तर ही अडचण कायद्यानेच मान्य केली आहे. अशा वेळी जमावाला थोपवायला बंदूक काढण्याची काही एक गरज नाही. निघून जवळचे ठाणे गाठावे आणि काय झाले व का थांबता आले नाही ते सांगावे. हे लवकरात लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत करायचे आहे.

ठाण्यात शिरताना शस्त्र काखेत घेऊन जाऊ नये. ते गाडीत असल्याचे आधी सांगावे, परवाना दाखवावा आणि पोलीस म्हणतील तसे करावे. घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडली म्हणून तक्रार नाकारता येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यावीच लागते. दिलेली खबर लिहून झाल्यावर वाचून घ्यावी, त्यात शस्त्राबद्दल जे खरे ते लिहिले आहे ना ते पाहावे आणि मगच सही करावी. फिर्यादीला तिची प्रत मोफत मिळते, ती मागून घेऊन परवान्याच्या पुस्तकासोबत ठेवावी.