जुनी डिझेल फॉर्च्युनर घेताना काय काय पाहावे



हंगाम आवरून उसाची बिले खात्यावर पडू लागली की आपल्या भागात चौकशा सुरू होतात. कोणाची पाइपलाइन, कोणाच्या घराचा स्लॅब, आणि अलीकडे कोणाची मोठी गाडी. नव्या फॉर्च्युनरची किंमत ऐकून पुष्कळजण मागे फिरतात व जुनीच्या शोधाला लागतात. गाडी घ्यावी की त्या पैशात ठिबक करावे, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे, त्यात आम्ही पडत नाही. पण घ्यायचीच ठरली तर वर्षाचे बिल एका दिवसात जाणार असते. तेव्हा ती कशी पाहावी एवढेच या लेखात सांगायचे आहे. एन्डेव्हर, पजेरो किंवा अशीच दुसरी चौकटीवरची डिझेल गाडी असली तरी यातले बहुतेक सगळे तिलाही लागू पडते. फक्त एन्डेव्हर बनवणाऱ्या कंपनीने २०२१ साली भारतातले गाड्यांचे उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले, तेव्हा ती घेताना सुट्या भागांची चौकशी आधी करावी.

प्रथम गाडी कोणत्या पिढीतली ते ओळखा. फॉर्च्युनर आपल्याकडे २००९ साली आली, तिला ३ लिटरचे इंजिन होते. २०१६ च्या अखेरीस दुसरी पिढी आली, तिला २.८ लिटरचे इंजिन. २०२० पासून हेच इंजिन बी.एस. ६ झाले. ही तीन वये म्हणजे तीन वेगळी जनावरे समजा. प्रत्येकीचे दुखणे वेगळे.

गाडी पाहण्याआधी कागद पाहा. आपण जमीन घेताना सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा आहे का ते बघतो. आर.सी. बुकावरही तसाच बोजा असतो, त्याला हायपोथिकेशन म्हणतात. विकणारा म्हणतो, "कर्ज कधीच फेडलंय, नुसती नोंद काढायची राहिलीय." नोंद राहिली असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. कर्ज खरेच फिटले असेल तर हे कागद त्याला मिळायला अडचण नाही. वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर घालून मालक कितवा आहे, विमा कधीपर्यंत आहे, दंडाच्या पावत्या किती थकल्या आहेत, हे घरबसल्या कळते. मग गाडीजवळ जाऊन चॅसीवर कोरलेला नंबर आणि इंजिन नंबर आर.सी.शी एकेक अक्षर लावून पाहा. नंबरावर घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा दिसल्या तर तिथूनच रामराम करावा.

आता दिल्लीच्या गाड्यांबद्दल थोडे सविस्तर, कारण फसगत इथे जास्त होते. दिल्ली व तिच्या भोवतालच्या राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली बंदी केली आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. २०२५ मध्येही त्यावर न्यायालयाचे आदेश झाले. पण तोवर अशा हजारो गाड्या स्वस्तात बाहेर पडून दुसऱ्या राज्यांत गेल्या होत्या, आणि त्या आपल्याकडेही फिरताना दिसतात. गाडी दिसायला चकचकीत असते, किंमतही इथल्यापेक्षा बरीच कमी. पण ती किंमत पूर्ण नसते. तिकडच्या आर.टी.ओ.चा ना-हरकत दाखला म्हणजे फॉर्म २८ लागतो, आणि तो आपल्याच जिल्ह्याच्या आर.टी.ओ.च्या नावाचा लागतो. गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त राहणार तर कायद्याने नवा नंबर घ्यावा लागतो. महाराष्ट्राचा रस्ता कर भरावा लागतो, आणि तिकडे भरलेल्या कराचा परतावा मागायला तिकडेच खेपा घालाव्या लागतात. कर किती बसेल हे आपल्या आर.टी.ओ.त विचारून कागदावर लिहून घ्या व तो आकडा किमतीत मिळवा. मग स्वस्ताई किती उरते ते बघा. आमच्या माहितीतल्या एका सभासदाने असा हिशेब न करता गाडी आणली. दाखला दुसऱ्याच जिल्ह्याच्या नावाचा निघाला. दलालाने फोन उचलणे बंद केले, आणि गाडी दीड वर्ष गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी राहिली. हप्ते मात्र चालूच होते.

गाडी पाहायला जाल तेव्हा सकाळी लवकर जा, आणि येतो म्हणून आधी कळवले असेल तर बोनेटवर हात ठेवून पाहा. गरम लागले तर मालकाने आधीच चालू करून ठेवली आहे असे समजा. डिझेल इंजिनाचे खरे रूप थंड असतानाच कळते. चावी फिरवल्यावर पटकन घ्यायला हवे. सुरुवातीला थोडा धूर आला तर चालतो, पण इंजिन गरम झाल्यावरही निळा धूर येत राहिला तर ऑईल जळते आहे, रिंग-पिस्टन किंवा टर्बोचे काम आहे. काळा धूर म्हणजे नोझल किंवा हवेची वाट. पांढरा धूर थांबतच नसेल तर पाण्याच्या टाकीचे झाकण उघडावे, पण ते इंजिन थंड असतानाच. पाण्यावर ऑईलचा तवंग आणि ऑईलमध्ये दुधाळ चहासारखा रंग दिसला तर हेडगॅस्केट गेले.

चालू इंजिनावर ऑईल भरायचे झाकण सैल करून नुसते टेकवून ठेवा. थोडे हलले तर हरकत नाही. फुसफुसत उडू लागले व खालून धूर आला तर इंजिन झिजलेले आहे. पहिल्या पिढीच्या ३ लिटर इंजिनात ही परीक्षा जरूर करावी. त्यात नोझलखालच्या वायसर गळू लागल्या की जळका वायू ऑईलमध्ये शिरतो. ऑईलचा चिखल होतो, तो चेंबरमधल्या जाळीवर बसतो, आणि एके दिवशी इंजिनाला ऑईलच पोचत नाही. याच इंजिनाला टायमिंग पट्टा आहे. तो साधारण दीड लाख किलोमीटरच्या सुमारास बदलावा लागतो, तुटला तर इंजिन उघडावेच लागते. बदलला असेल तर पावती मागा, "बदललाय की" या शब्दावर जाऊ नका. २.८ च्या इंजिनाला पट्ट्याऐवजी साखळी आहे, तेवढी काळजी कमी.

किलोमीटरच्या आकड्यावर तर बिलकूल विश्वास ठेवू नये. तो लॅपटॉप लावून मागे घेता येतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये प्रत्येक खेपेचा आकडा नोंदलेला असतो, विकणाऱ्याला सोबत नेऊन तो काढून घ्या. मीटरवर साठ हजार आणि क्लच-ब्रेकचे रबर गुळगुळीत, स्टिअरिंगची चामडी चकाकलेली, ड्रायव्हरची सीट खचलेली, असे असेल तर काय ते समजावे. टायरवर चार आकडे असतात. ३२१९ म्हणजे २०१९ सालच्या ३२ व्या आठवड्यातला टायर. काचांवरही सालाची खूण असते. सगळ्या काचा एका सालच्या आणि एकच नव्या सालची, तर ती का बदलली ते विचारा. कधी दगड लागलेला असतो, कधी गाडी उलटलेली असते.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडे किती गाड्या पाण्यात गेल्या हे आपल्याला कोणी सांगायला नको. त्यातल्या काही धुऊन-पुसून परत बाजारात आल्या असणार. पूर कोणत्याही राज्यातला असो, खुणा त्याच. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढा, आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. सीटखालच्या लोखंडी पट्ट्या, फ्यूजची पेटी, गालिच्याखालची वायरिंग, हेडलाइटच्या आतला कोपरा पाहा. दारे बंद करून आत पाच मिनिटे बसा, कुबट वास येतो का. नवीकोरी अत्तराची बाटली अडकवलेली असेल तर आणखी पाच मिनिटे बसावे. पुरातल्या गाडीचे इंजिन बांधता येते, वायरिंगचे दुखणे मात्र पिच्छा सोडत नाही.

मग गाडी खड्ड्यावर किंवा लिफ्टवर घ्या. ही गाडी चौकटीवर उभी आहे, चौकट म्हणजे तिचा कणा. तिच्यावर वेल्डिंग, तडा, हातोड्याचे ठोके किंवा फक्त एकाच जागी ताजा काळा रंग दिसला तर सौदा मोडावा. कोकण-गोव्याकडे राहिलेली गाडी असेल तर गंज टोकरून पाहा. पुढच्या एक्सलची रबरी बुटे फाटली आहेत का, डिफरन्शियल आणि ट्रान्स्फर केसमधून ऑईल पाझरते का, तेही पाहून घ्या.

फोर बाय फोर घेत असाल तर ते चालवूनच पाहा. पुष्कळ गाड्यांत मालकाने वर्षानुवर्षे ते लावलेलेच नसते आणि मग ते जाम होते. २०१६ नंतरच्या गाडीत एच-टू, एच-फोर, एल-फोर असा नॉब असतो. मऊ मातीच्या रानात नेऊन एच-फोर लावा, मग थांबून न्यूट्रलमध्ये एल-फोर. दिवा लुकलुकत राहिला आणि लागला नाही तर खर्च आहे. डांबरीवर एच-फोर लावून वळू नका, पुढची-मागची चाके एकमेकांशी ओढाताण करतात व सामान तुटते. आणि खरे सांगायचे तर पाणंदीतून चिखल तुडवायला आपल्याकडे ट्रॅक्टर आहे. फोर बाय टू स्वस्त मिळते, खर्चालाही कमी.

बी.एस. ६ गाडीला धुराच्या वाटेत काजळी धरणारी जाळी असते, तिला डी.पी.एफ. म्हणतात. ती काजळी जाळून मोकळी व्हायला गाडी मोठ्या रस्त्यावर सलग वीस-पंचवीस मिनिटे गरम पळावी लागते. घर ते मळा, मळा ते सोसायटी, एवढेच फिरणे असेल तर जाळी तुंबते. अर्धवट जळीत डिझेल ऑईलमध्ये उतरते आणि काडीवर ऑईलची पातळी वरच्या खुणेच्याही पुढे जाते. घेताना काडी याच कारणासाठी पाहावी, ऑईल कमी आहे का आणि जास्तही आहे का. काहींनी ही जाळी कापूनच टाकलेली असते. अशी गाडी घेऊ नये. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवा, दाट काजळी लागली तर शंका घ्या.

ट्रॅक्टरच्या बॅरलमधले डिझेल या गाड्यांत ओतू नका. हजार-दीड हजार बारच्या पुढचा दाब त्यांच्या नोझलमधून जातो, पाण्याचा थेंब आणि मातीचा कणही त्यांना सोसत नाही.

सौदा ठरला तर फॉर्म २९ व ३० वर सह्या घेऊन ३० दिवसांच्या आत नाव लावून घ्या. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या, नाहीतर समोरच्याची भरपाई विमा कंपनी देईल, तुमच्या गाडीची देणार नाही. आणि जे सभासद आपली जुनी गाडी विकत आहेत त्यांनीही नुसत्या स्टॅम्पपेपरवर भागवू नये. अपघात झाला तर आर.सी.वर ज्याचे नाव तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. म्हणून चावी देण्याच्या दिवशीच घेणाऱ्याला सोबत घेऊन ट्रान्स्फरचा अर्ज भरावा आणि त्याची पावती आपल्याजवळ ठेवावी.