कोपऱ्यावरच्या रक्षकाची पारख

गिंडी, चेन्नई

चि. माधव यास,


व्यावसायिक कबड्डी संघाच्या निवडसमितीत तुझी नेमणूक झाली आणि दक्षिणेकडील विद्यापीठांच्या संघांतून कोपरारक्षक हेरण्याची कामगिरी तुझ्याकडे आली, हे वाचून समाधान वाटले. परंतु सोबत तू मुलांच्या पकडींचा जो तक्ता धाडलास आणि गुणांच्या उतरत्या क्रमाने त्यांची जी प्रतवारी लावलीस, ती पाहून हे पत्र तातडीने लिहिणे मला भाग पडले. तक्ता निरुपयोगी आहे असे माझे म्हणणे नाही. तो अपुरा आहे, आणि अपुरा तक्ता पुऱ्या आत्मविश्वासाने वाचला गेला म्हणजे संघमालकाच्या तिजोरीला त्याची तोशीस लागते.

तुझ्या यादीत अग्रस्थानी असलेला मुलगा घे. त्याचा संघ दुबळा आहे, हे त्याच तक्त्यातील सामन्यांच्या निकालांवरून उघड दिसते. अशा संघाचे तीन किंवा त्याहून कमी गडी मैदानावर उरण्याचा प्रसंग वारंवार येतो, आणि त्या स्थितीत केलेली पकड अव्वल ठरून तिच्यासाठी एकाऐवजी दोन गुण पडतात. ज्या दैन्यामुळे संघ हरतो, त्याच दैन्यामुळे या मुलाच्या खात्यावर गुण साचत जातात. उलट ज्या संघाचे सहा-सात गडी बहुधा मैदानावरच असतात, त्याच्या कोपरारक्षकाच्या वाट्याला ही दुप्पट बरकत क्वचितच येते. जेथे तिसऱ्या चढाईचा नियम लागू असेल तेथेही असाच मामला: आधीच्या दोन चढाया रित्या गेल्यामुळे चढाईपटूला गुण मिळवल्यावाचून परतणे शक्य नसते, तो नाइलाजाने खोल शिरतो आणि रक्षकाच्या हाती आयता सापडतो. म्हणून या दोन्ही प्रकारांच्या पकडी वेगळ्या काढ, आणि सर्व गडी मैदानात असताना, समोर नाणावलेला चढाईपटू असताना, पहिला हात ज्याने घातला त्याच्या नावे उरलेला हिशेब नव्याने मांड. यादीचा क्रम बदललेला दिसला तर नवल वाटू देऊ नकोस.

परंतु खरा मुद्दा याच्याही पलीकडे आहे. रक्षकाने केलेली पकड नोंदवहीत उतरते, फसलेला प्रयत्नही उतरतो; त्याने न केलेला प्रयत्न मात्र कोणत्याही दप्तरात सापडत नाही. समोर सहा किंवा सात रक्षक असताना चढाईपटू बोनस रेषेपलीकडे एक पाय टाकतो आणि मागचा पाय अधांतरी ठेवतो, तेव्हा तो पुढे आलेला घोटा कोपरारक्षकाला साद घालत असतो. उतावळा मुलगा झेपावतो, पाय निसटतो, एका गुणासोबत तो स्वतःही बाहेर बसतो, आणि पुढल्या दोन-तीन चढायांत ती उघडी बाजू लुटली जाते. संयमी मुलगा बोनसचा गुण जाऊ देतो, गुडघे वाकवून, टाचा किंचित उचलून जागच्या जागी राहतो, आणि चढाईपटूचे वजन मागच्या पायावर यायच्या क्षणाची वाट पाहतो. अशा दोन-तीन पकडी झाल्या की पुढल्या सामन्यात प्रतिपक्षाचा उत्तम चढाईपटू त्याची बाजूच वर्ज्य करतो. तक्त्यात त्या सामन्यापुरते त्या मुलापुढे शून्य दिसते. वास्तविक त्याने अर्धे मैदान राखलेले असते. तेव्हा तीस सेकंदांच्या प्रत्येक चढाईत चढाईपटू कोणत्या बाजूला किती वेळ रेंगाळला आणि कोणत्या बाजूकडे फिरकलाच नाही, याची टिपणे स्वहस्ते ठेव. काम कंटाळवाणे आहे खरे, पण पगार त्याचाच मिळतो.

यावर तू शादलूईचा दाखला देशील, हे मी जाणून आहे. इराणच्या त्या डाव्या कोपरारक्षकावर पुणेरी पलटणने २०२३ च्या लिलावात २ कोटी ३५ लाख रुपये लावले, आणि मार्च २०२४ मध्ये पलटणने आपले पहिले विजेतेपद मिळवले. संयम हा शब्द त्याच्या खेळाकडे पाहून कुणालाही सुचणार नाही. मात्र त्याच्या त्या धाडसामागे धावून येणारे मध्यरक्षक किती चपळ होते, तेही पाहा. कॉलेजातील मुले त्याचा आवेश उचलतात, पाठीमागची फळी त्यांना कुठून मिळावी?

ही अडचण केवळ आपल्या खेळापुरती नाही. अमेरिकेतील फुटबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्यावर कडेने धावून जाणारे जे गडी असतात, त्यांची निवडही कॉलेजांतूनच होते, आणि तिथे तर ४० यार्डांच्या धावेपासून वजन उचलण्यापर्यंत सर्व गोष्टी मोजल्या जातात. व्हर्नन घोल्स्टन नावाच्या गड्याने २००७ च्या हंगामात ओहायो स्टेटकडून चेंडू फेकणाऱ्याला १४ वेळा पाडले होते आणि शारीरिक चाचण्यांत पाहणाऱ्यांचे डोळे दिपवले होते; २००८ मध्ये न्यूयॉर्क जेट्सने त्याला सहाव्या क्रमांकावर निवडले, आणि तीन हंगामांत त्याला एकदाही तसे पाडता आले नाही. उलट टेरेल सग्ज धावण्यात मंद ठरला, २००३ मध्ये दहाव्या क्रमांकावर निवडला गेला आणि त्याने दीर्घ कारकीर्द गाजवली. चेंडू फेकणाऱ्याला पाडल्याचा त्याच्या कॉलेजातील २४ हा आकडा मात्र अगदी खरा निघाला. आकडा खोटा बोलतो असे सरसकट मानणे ही दुसऱ्या टोकाची अंधश्रद्धा होय.

आमच्या गिंडीत १७७७ पासूनचे घोड्यांच्या शर्यतीचे मैदान आहे. त्याची जमीन सरकारने २०२४ मध्ये परत घेतली, तो वाद निराळा. तिथले जाणते लोक घोडा धावताना पाहण्याआधी तो चालताना पाहत. तूही मुलगा बाद होऊन बाकावर बसला असताना त्याच्याकडे लक्ष दे: तो मान खाली घालून बसतो, की आपल्या जागी उभ्या राहिलेल्या गड्याला खुणा करतो? याच प्रांताचा धर्मराज चेरलाथन चाळिशी गाठली तरी कोपऱ्यावर उभा राहिला आणि २०१६ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली पाटणा पायरेट्सने अजिंक्यपद मिळवले, ते केवळ मनगटाच्या जोरावर नव्हे. शेजारचा मध्यरक्षक कुठे उभा आहे, हे त्याला न पाहता कळे. म्हणून प्रत्येक मुलाच्या शेजारील मध्यरक्षकाच्या पकडीही मोज. कोपऱ्यावरचा मुलगा आजारी असताना त्या शेजाऱ्याचा आकडा घसरला असेल, तर तुझी शिफारस निम्मी सिद्ध झाली.

उरला शरीराचा तपशील. मातीवर वाढलेल्या मुलाला मॅटवर बूट घालून खेळवून पाहा, कारण मातीवर घसरणारा पाय मॅटवर रुततो आणि वळताना गुडघ्यावर ताण येतो. गुडघ्याचे जुने दुखणे मुले हमखास लपवतात, तेव्हा ते मुलाला न विचारता मालिश करणाऱ्याला विचार. त्याला तमिळच कळत असेल, तर मी सोबत येईन. उपनगरी गाडीने गिंडी स्थानकावर उतर, घर तिथून पायी आहे, आणि येताना सुधारलेला तक्ता घेऊन ये. मामीने मेतकूट मागितले आहे.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा मामा