बार्शी लाईट रेल्वे व तिचा धडा

शहरास किंवा जिल्ह्यास केंद्र एकच असावें, व सर्व वाटा तेथेंच जाऊन मिळाव्या, असें आपण सहसा गृहीत धरतों. परंतु आपल्याच सोलापूर जिल्ह्याचा इतिहास निराळें सांगतो.

मुंबईचा लोहमार्ग इ. स. १८६० मध्यें सोलापुरास पोहोंचला. बार्शी ही कापसाची मोठी पेठ. पण मार्ग तिला टाळून कुर्डुवाडीवरून गेला. बार्शीचा माल बैलगाड्यांतून स्टेशनावर न्यावा लागे. ही अडचण एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरानें ओळखली, आणि १८९७ मध्यें कुर्डुवाडी ते बार्शी ही लहान गाडी सुरू झाली. रुळांमधील अंतर अवघें अडीच फूट! कोणत्याही आंसावर पांच टनांहून अधिक भार नसावा, हा तिचा मुख्य नियम. इंजिन, डबे व वाघिणी या सर्वांस तो सारखाच लागू असल्यानें हलके रूळ पुरत व खर्च कमी येई.

पुढें ही गाडी १९०६ मध्यें पंढरपुरास, १९११ मध्यें लातुरास व १९२७ मध्यें मिरजेस गेली. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. एवढा विस्तार होऊनही ती जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणीं, म्हणजे सोलापुरास, आलीच नाहीं. वारकऱ्यास पंढरपूर व व्यापाऱ्यास बार्शी-लातूर हीं सोलापूरच्या वाटेवांचून गांठतां येऊं लागलीं. आज त्या अरुंद वाटेच्या जागीं रुंद रूळ आले आहेत. धडा मात्र जुना झालेला नाहीं.

मुंबईचे जुने लोहमार्ग दक्षिणेस कोटाकडे धांवतात. परंतु अंधेरी, वांद्रे-कुर्ला अशीं कामाचीं नवीं केंद्रें आतां उभीं राहिलीं आहेत. पूर्वीं अंधेरीहून घाटकोपरास रेल्वेनें जावयाचें तर दादरचा वळसा पडे. ८ जून २०१४ रोजीं वर्सोवा ते घाटकोपर ही ११.४ किलोमीटरांची मेट्रो सुरू झाली आणि तो वळसा चुकला.

तथापि रुळांबरोबर जमिनीची किंमतही चढते. स्टेशनाजवळच्या गरिबासच जर घर सोडावें लागलें, किंवा भाडें त्यास झेपलें नाहीं, तर ती सोय कोणाची?

सोलापूरही आतां एका पेठेचें राहिलेलें नाहीं. नवी पेठ, अक्कलकोट मार्गावरील कारखाने व पुणें मार्गावरील विद्यापीठ हीं निरनिराळीं टोकें आहेत. विद्यार्थ्यांनीं शहराचा नकाशा पुढें घेऊन त्यांना जोडणारा मार्ग आंखून पाहावा, आणि प्रत्येक रेघ ओढण्यापूर्वीं, तेथून रोज पायीं जाणारा मनुष्य कोण, हें आधीं स्वतःस विचारावें.